साक्षरता वर्गाला माणसं जमवताना

पोरी, गावातल्या साक्षरता वर्गाचा भार तू घेतलास, फार बरं वाटलं. सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता योजनेची पुस्तकं येतील वरून, पण शिकवणारी माणसं तुलाच उभी करायचीत. तेवढ्यापुरतं मावशीचं ऐक.

१. शिकवणारी त्याच आळीतली शोध, पदवीचं नंतर बघू — लांबून येणारा पहिल्या पावसात गळतो. हुशार मास्तर महिनाभर, शेजारची सून वर्षभर. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथंही शिकवायला गावातलीच सून होती.

२. नेमण्याआधी तिला ओसरीवर दहा मिनिटं शिकवायला लाव आणि तू फक्त तिचा आवाज ऐक. ‘एवढंही येत नाही?’ हे जिच्या तोंडी सहज येतं ती नको, कितीही शिकलेली असली तरी — साठीतली बाई ‘म’ आणि ‘भ’मध्ये अडखळली तर विचारत नाही, पदराच्या टोकानं पाटी गुपचूप पुसते, वर असं ऐकलं तर उद्या येतच नाही.

३. एका शिकवणारीकडे दहाच्या वर बायका देऊ नकोस — प्रत्येकीच्या पाटीवर नजर जायला हवी.

४. मानधन नाही, हे पहिल्याच भेटीत सांग — ‘उल्लास’चे स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात, आणि उशिरा कळलेलं फार झोंबतं. पण खडू-पाटीचा खर्च तिच्या पदरचा होऊ देऊ नकोस. सरपंचांशी आधीच बोलून ठेव.

५. प्रत्येक शिकवणारीला जोडीदारीण दे. भातलावणी येते, लग्नसराई येते, पोराला ताप येतो — आणि बंद दाराला कुणी दुसऱ्यांदा हाक मारत नाही.

६. कॉलेजची पोरं हौसेनं येतील, त्यांना जरूर घे. फक्त त्यांच्या परीक्षा कधी ते आधी विचार.

७. शेवटी १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला ५०-५०. शिकवणाऱ्यांना हे सुरुवातीलाच सांग — नाहीतर सगळे दिवस सही गिरवण्यात जातात आणि वजनकाटा, एसटीचं तिकीट, विजेचं बिल तसंच राहतं.

८. वर्ग चालवणाऱ्या पोरींचं नाव ग्रामसभेत मोठ्यानं घे, त्यांच्या सासूबाईंसमोर — मग घरून संध्याकाळचा तास मोकळा मिळतो.

आता जाहिरात लावत बसू नकोस. आज दिवेलागणीला आळीत फेरी मार आणि दोघी तरी ठरवूनच घरी जा.