एका गोधडीचा जमाखर्च

गोधडी आपल्यापैकी बहुतेकांनी पांघरली आहे. पण अभ्यासाचा विषय म्हणून तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले असेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तर तिच्याकडे पाहण्याचे काहीच कारण नाही, असे कोणीही म्हणेल. तिच्यावर छापील किंमत नसते, तिचे बिल होत नाही. तरीही परिव्यय लेखाशास्त्र, म्हणजे आपले कॉस्टिंग, शिकत असताना मी माझ्या आजारी आत्यासाठी एक गोधडी शिवली आणि तिचा हिशेब मांडला. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम नावाविषयी. आपल्या बेळगाव भागात मराठी घरांत हिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात, कन्नड घरांत कौदी. बंगालमध्ये जुन्या साड्यांचीच कांथा होते, बिहारमध्ये सुजनी. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या स्त्रिया शिवतात ती कवंदी. त्या काठापासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले कापडी तुकडे लावतात. त्यांना ‘फूल’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात. नावे निराळी, भाषा निराळ्या. पण मूळ एकच. झिजलेले सुती कापड, सुई, दोरा आणि घरातल्या बाईचा वेळ.

आता गरज कोणती होती ते सांगतो. आत्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. एका वेळी चार तास. या उपचारात रक्त नळ्यांवाटे शरीराबाहेर यंत्रात जाते आणि शुद्ध होऊन परत येते. बाहेरच्या या फेरीत त्याची ऊब कमी होते, त्यात खोली वातानुकूलित. म्हणून पुष्कळ रुग्णांना थंडी वाजते. मग जाड ब्लँकेट का नको? तर हातातली शीर आणि धमनी जोडून जो ‘फिस्टुला’ केलेला असतो, त्यात सुया टोचलेल्या असतात. एखादी सुई निसटली तर थोड्या वेळात पुष्कळ रक्त जाऊ शकते. म्हणून तो हात परिचारिकेला सतत दिसला पाहिजे, त्यावर पांघरूण चालत नाही. शिवाय पांघरूण वरचेवर धुता आले पाहिजे, पावसाळ्यातही वाळले पाहिजे आणि पिशवीतून नेताना जड होता कामा नये. बाजारात वस्तू असंख्य आहेत. पण या सर्व अटी पाळणारी मला मिळाली नाही.

माप ठरवले पाच फूट बाय साडेतीन फूट. कापड घेतले आजीच्या नऊवारी इरकली लुगड्याचे. आजी आता नाही. तिचे लुगडे ट्रंकेत होते. इरकल, म्हणजे कन्नडमध्ये इळकल, हे बागलकोट जिल्ह्यातले गाव. या लुगड्याचे अंग सुती असते, पण पदर आणि काठ बहुधा रेशमी. सूत आणि रेशीम धुण्यात सारखे आटत नाहीत, आणि रेशमाला उकळते पाणी सोसत नाही. म्हणून पदर व काठ कापून बाजूला ठेवले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्यातून पाच-पाच फुटांचे चार तुकडे निघाले. चार थरांची गोधडी हलकी होते आणि तरी उबदार असते. कारण ऊब कापडाच्या वजनात नसून थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णता सहज वाहू देत नाही. नव्या कापडापेक्षा जुने बरे, कारण धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते आणि ते अंगाला टोचत नाही.

शिवायला मला शेजारच्या कन्नड अज्जींनी शिकवले. त्या मला ‘तम्मा’ म्हणतात. त्यांचा पहिला धडा असा: “तम्मा, दार उद्द हिडीब्याड.” दोरा लांब घेऊ नको. लांब दोऱ्याने काम लवकर होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो गुंततो आणि झिजून तुटतो. हातभर दोरा पुरे, आणि त्याला मेण लावावे. दुसरा धडा: थर जमिनीवर सपाट अंथरून, चारही कडांना वजन ठेवून, आधी मोठे कच्चे टाके घालावेत, नाहीतर आतला थर गोळा होतो. मग काठापासून आत धावदोरा घालीत यावे. कच्चे टाके शेवटी काढावेत. वरच्या थरावर घरातल्या जुन्या शर्टांचे आणि परकरांचे तुकडे लावले. डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक वीत रुंद आणि दीड वीत लांब अशी खाच ठेवली, म्हणजे पांघरूण छातीपर्यंत येते आणि फिस्टुलाचा हात मोकळा राहतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांना सिद्दी पद्धतीची फुले लावली. ती पदराच्या कापडाची नव्हेत, सुतीच. कारण तीही उकळत्या पाण्यात जायची.

जाता जाता उपयोगाची एक गोष्ट. अशा पांघरुणावर रक्ताचा डाग पडला तर ते आधी थंड पाण्यातच धुवावे. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. डाग गेल्यावर मग उकळावे.

आता हिशेब. साठ इंच लांब आणि बेचाळीस इंच रुंद गोधडीवर एक-एक इंच अंतराने ओळी घातल्या, तर त्या आडव्या घाला की चौकोनी, एकूण लांबी साधारण २,५२० इंच भरते, म्हणजे ६४ मीटर. इंचाला चार टाके धरले तर दहा हजारांहून थोडे अधिक टाके होतात. माझा वेग मिनिटाला दोन इंच; म्हणजे नुसत्या धावदोऱ्याला २१ तास. उसवणे, धुणे, कापणे, तुकडे जोडणे आणि कोपरे यांना आणखी ९ तास. एकूण ३० तास. रोज संध्याकाळी एक तास, असा महिना गेला.

परिव्ययपत्रक असे झाले:

लुगडे, ५० रुपये. (आजीने दिलेली किंमत हा बुडीत खर्च, तो धरायचा नाही. पण बोहारणीला दिले असते तर एक स्टीलची वाटी आली असती, तेवढा वैकल्पिक खर्च धरला.)
दोरा, ८० रुपये.
सुया, मेण व साबण, ४० रुपये.
श्रम, ३० तास, ताशी ६० रुपये मानून, १,८०० रुपये.
एकूण परिव्यय, १,९७० रुपये.

तेवढ्याच मापाची यंत्रावर शिवलेली रजई दुकानात ६०० रुपयांना पाहिली होती. म्हणजे पाठ्यपुस्तकाप्रमाणे निर्णय उघड आहे: शिवू नये, विकत आणावी. पण या पत्रकातला खरा धडा मला वेगळ्याच आकड्यात दिसला. एकूण खर्चात साहित्य जेमतेम नऊ टक्के आहे. बाकी एक्क्याण्णव टक्के श्रम. “गोधडी काय, जुन्या चिंध्यांची, फुकटात होते,” असे आपण सहज म्हणतो, तेव्हा आपण नऊ टक्क्यांचाच हिशेब करीत असतो.

हे केवळ गोधडीपुरते नाही. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवले की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामकरणीशी लग्न केले तर काम तेवढेच राहून राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. आजही घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याची शुश्रूषा राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. माझ्या आत्याने पंचवीस वर्षांत आमच्या घरी आणि तिच्या घरी मिळून किती वाकळी शिवल्या याची कोठेच नोंद नाही. मुलगा असून मी तीस तास सुई धरली म्हणून लेख झाला. तिचे तास कोणी मोजलेच नाहीत.

आणि आता तीच आत्या दुखण्याचा पै-पैचा हिशेब वहीत लिहिते. रिक्षा, इंजेक्शन, औषधे. “माझ्यापायी सगळ्यांचा खर्च होतो रे,” असे म्हणते. गोधडी दिली तेव्हाही तिने पहिला प्रश्न केला, “कितीला पडली?” मी तिला हे पत्रक दाखवले. श्रमाच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “एवढा दर असतो होय? मग तुमच्याकडे माझं बरंच येणं निघेल!” पुष्कळ दिवसांनी ती हसली.

गोधडीने आजार बरा होत नाही. डायलिसिस चालूच आहे, थंडीही वाजते. पूर्वीपेक्षा कमी, एवढेच ती सांगते. पण हिशेबनिसाच्या दृष्टीने तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आजारी माणूस घरावर बोजा ठरतो तो आपण फक्त आजची खर्चाची बाजू वाचतो म्हणून. वहीची मागची पाने उघडली तर जमेच्या बाजूला त्याचे कितीतरी न लिहिलेले तास सापडतील. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी ती पाने लिहून काढावीत. शक्य असेल त्याने थोडी परतफेडही करावी, आणि ती करताना दोरा हातभरच घ्यावा.