व्हाँतूच्या चढणीचा धडा

सायकल ही वस्तु आमच्या वाचकांस नवीन नाहीं. शाळेच्या आवारांतील झाडांखालीं रोज तिच्या रांगा उभ्या असतात, व मे महिन्याची सुट्टी जवळ आली कीं सात-आठ मित्र जमून एखादा घाट चढून जाण्याचे बेत ठरूं लागतात. असे बेत आम्हांस प्रिय आहेत. त्यांत साहस आहे, मैत्री आहे, व स्वतःच्या श्रमानें मिळविलेला आनंद आहे. परंतु उन्हाळा, डोंगर आणि सोबत ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडतें, ह्याचा विचार बेत ठरवितांना क्वचितच होतो. तो विचार येथें करावा अशी आमची इच्छा आहे. व त्यासाठीं दूरच्या एका पर्वताचें उदाहरण आम्ही घेत आहों.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस प्रोव्हाँस नांवाचा प्रांत आहे. तेथील द्राक्षांच्या मळ्यांवर माँ व्हाँतू हा पर्वत एकटाच मान वर करून उभा आहे. त्याची उंची सुमारें १९१० मीटर आहे. त्याचा माथा दुरून पांढरा शुभ्र दिसतो, व पाहणाऱ्यास बर्फाचा भास होतो. परंतु उन्हाळ्यांत ती शुभ्रता चुनखडीच्या उघड्या दगडांची असते. पूर्वीं तेथें दाट अरण्य होतें. तुलाँ बंदरांतील जहाजांच्या लांकडासाठीं तें शतकानुशतकें तोडलें गेलें, व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खालच्या उतारांवर पुन्हां झाडें लावण्यांत आलीं. माथा मात्र उघडाच राहिला. इटालियन कवि पेट्रार्क हा १३३६ सालीं ह्या पर्वतावर चढला. बरोबर कोणास न्यावें ह्याचा त्यानें आधीं पुष्कळ विचार केला, एकेका मित्राचे गुणदोष मनांत तोलून पाहिले, व अखेरीस आपल्या धाकट्या भावास सोबत घेतलें. डोंगर चढण्यापूर्वीं सोबती पारखावा, ही गोष्ट त्यास सायकलीच्या कितीतरी शतकें आधीं कळली होती.

पायथ्याच्या बेदवाँ गांवाहून माथ्यापर्यंत जी सडक जाते ती सुमारें २१ किलोमीटर लांब असून तीवर सुमारें १६०० मीटर चढावें लागतें. आमचें कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रकांठीं सायकलीवर बसून जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकें वर जावें, असाच हा प्रकार झाला. पहिले कांहीं किलोमीटर सौम्य आहेत. मग सडक झाडींत शिरते, व तेथें दर शंभर मीटरांस सुमारें नऊ मीटर चढ लागतो. झाडी संपली म्हणजे अखेरचे सहा किलोमीटर पांढऱ्या दगडांमधून जातात. तेथें सावली नाहीं. वरून ऊन व खालून दगडांची झळ.

आतां सोबतीचा विचार करूं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य विरोधक म्हणजे हवा. वेग जसजसा वाढतो तसतसा हा विरोध झपाट्यानें वाढतो. म्हणून पुढच्या स्वाराच्या पाठीमागें लागून चालणाऱ्यास बराच लाभ होतो. त्याच्या श्रमांपैकीं चवथा हिस्सा, कधीं त्याहूनहि अधिक, वांचतो. आळीपाळीनें पुढें होणाऱ्या टोळीस एकट्यादुकट्यापेक्षां लांब मजल मारतां येते ती ह्याच कारणानें. परंतु उभ्या चढणीवर वेग ताशीं दहा-बारा किलोमीटरांवर येतो. तेथें हवेचा विरोध थोडा, व स्वतःचें वजन वर ओढण्याचें काम मोठें. तें काम दुसऱ्याच्या पाठीआड लपून कमी होत नाहीं. सपाटीवर एकजीव दिसणारी टोळी चढणीवर विस्कळित होते, ती ह्याच नियमानें. शिवाय वेग मंदावला कीं अंगास लागणारा वाराहि मंदावतो. श्रम सर्वांत अधिक व वारा सर्वांत कमी, अशी अवस्था नेमकी चढणीवर येते.

हे श्रम किती, ह्याचा हिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या वहींत करून पाहावा. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरूं. तें १६०० मीटर उचलण्यास सुमारें १२॥ लक्ष जूल, म्हणजे सुमारें ३०० किलोकॅलरी इतकें काम लागतें. परंतु मनुष्याचे स्नायु अन्नांतील शक्तीचा चतुर्थांशच कामीं लावूं शकतात. बाकीच्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे ३०० किलोकॅलरी काम झालें तर ९०० किलोकॅलरी उष्णता अंगांत उत्पन्न झाली. सत्तर किलोग्रॅमच्या शरीराचें तपमान एक अंश वाढण्यास ६० किलोकॅलरी पुरतात. ही सर्व उष्णता अंगांतच कोंडून राहिली, तर पंधरा अंश वाढ होईल! आपलें स्वाभाविक तपमान ३७ अंश असतें, व ४० अंशांच्या वर प्राणास धोका उत्पन्न होतो. अर्थात् चढणीचा पांचवा हिस्सा संपण्याच्या सुमारासच मनुष्य कोसळला असता.

तो कोसळत नाहीं, ह्याचें कारण घाम. एक लिटर घाम वाळतांना अंगांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाहेरची हवा अंगाइतकीच तापलेली असली म्हणजे उष्णता घालविण्याचा हाच एक मार्ग उरतो. तेव्हां ९०० किलोकॅलरींसाठीं दीड लिटरांहून अधिक घाम वाळावा लागेल. जो घाम न वाळतां खालीं टपकतो, त्यानें थंडावा मिळत नाहीं. म्हणून प्रत्यक्षांत त्याहूनहि पुष्कळ पाणी अंगांतून जातें. हें एका चढणीचें झालें. हा हिशेब मनांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

तूर द फ्रान्स ही सायकलींची शर्यत १९०३ सालीं सुरू झाली व दरवर्षीं ऐन उन्हाळ्यांत होते. १९६७ सालच्या शर्यतींत १३ जुलै रोजीं मार्सेय शहराहून कार्पांत्रापर्यंतचा टप्पा होता. अंतर दोनशें किलोमीटरांहून अधिक, व वाटेंत व्हाँतू. त्या काळच्या नियमाप्रमाणें एका स्वारास दिवसभरांत चारच बाटल्या, म्हणजे सुमारें दोन लिटर पाणी, मिळत असे. आम्हीं वर मांडलेल्या हिशेबाशीं हा आंकडा ताडून पाहावा, म्हणजे ह्या नियमांतील अज्ञान ध्यानांत येईल. फार पाणी प्याल्यानें स्वार जड होतो, अशी तेव्हां पुष्कळांची समजूत होती. तहानेनें कासावीस झालेले स्वार वाटेंतील उपाहारगृहांत शिरून हातीं लागेल तें पेय घेऊन निघत.

त्यांत टॉम सिम्प्सन हा इंग्लंडचा स्वार होता. वय २९ वर्षें. १९६५ सालीं त्यानें जगज्जेतेपद मिळविलें होतें. त्या शर्यतींत पोटाच्या विकारानें तो अशक्त झाला होता, तथापि मागें फिरण्यास तयार नव्हता. माथा थोड्याच अंतरावर राहिला असतां त्याची सायकल रस्त्यावर नागमोडी जाऊं लागली व तो पडला. पुढें जाण्याची त्याची इच्छा पाहून त्यास पुन्हां सायकलीवर बसविण्यांत आलें. कांहींशें पावलें पुढें जातांच तो पुन्हां कोसळला, व मग उठला नाहीं. हेलिकॉप्टरनें त्यास आव्हिन्याँच्या रुग्णालयांत नेलें, परंतु उपयोग झाला नाहीं. ऊन, शोष व अतिश्रम ह्यांनीं त्याचें हृदय बंद पडलें. तपासणींत त्याच्या शरीरांत अँफेटामीन नांवाचें उत्तेजक द्रव्य व मद्याचा अंश हीं आढळलीं. जेथें तो पडला त्या जागेजवळ त्याचें स्मारक आहे, व येणारेजाणारे सायकलस्वार तेथें आपली टोपी अथवा पाण्याची बाटली ठेवून जातात.

ह्या तरुणास दोष देण्यासाठीं आम्ही ही कथा सांगत नाहीं. त्याचें धैर्य थोर होतें. पण त्या द्रव्याची करणी समजून घेणें अवश्य आहे. थकवा हा आपला वैरी नव्हे. तो शरीराच्या दारावरील पहारेकरी आहे. धोका जवळ आला म्हणजे तो हांक मारतो. उत्तेजक द्रव्य शक्ति देत नाहीं. तें ह्या पहारेकऱ्याचें तोंड बांधतें. शिवाय तें अंगांत अधिक उष्णता उत्पन्न करतें, व कातडीकडे जाणारें रक्त आवळून ती बाहेर जाण्याची वाटहि अरुंद करतें. पुढें १९६८ पासून ऑलिंपिक खेळांतहि अशा द्रव्यांची तपासणी होऊं लागली. पण नियम बाहेरून पहारा करतो, विवेकानें आंतून केला पाहिजे.

तथापि आमच्या मतें ह्या प्रसंगांतील खरा प्रश्न सोबतीचा आहे. ज्याच्या मेंदूस ऊन लागलें त्याची सारासारबुद्धि प्रथम जाते. आपण पुढें जाऊं शकूं कीं नाहीं, हें ठरविण्यास त्या घटकेला जगांत सर्वांत अपात्र असा कोणी असेल तर तो स्वतःच. ‘मला कांहीं झालेलें नाहीं, मला पुन्हां बसवा,’ असें तो म्हणेल, आणि प्रेमळ मित्र त्याचें ऐकतील. येथें आज्ञा मोडणें हेंच प्रेम. चढणीवर मित्राची पाठ वारा अडवीत नाहीं, हें आपण पाहिलें; मग मित्राचा उपयोग काय? उपयोग हा कीं, ज्याचे डोळे अंधारले त्याच्याऐवजीं त्यानें पाहावें. जखमी वाटसरूची गोष्ट आपण सर्वांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकली आहे. जे न थांबतां पुढें गेले ते कांहीं दुष्ट नव्हते. त्यांस कोठेंतरी पोंचावयाचें होतें, इतकेंच.

म्हणून उन्हाळ्यांत घाट चढूं इच्छिणाऱ्या मुलामुलींनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या. उन्हाची संवय अंगास हळूहळू, दहा ते चौदा दिवसांत होते. तोंवर रोज थोडथोडा सराव करावा. पहांटे निघून ऊन तापण्यापूर्वीं चढण संपवावी. पाणी थोडें थोडें व वारंवार प्यावें, आणि त्यांत मीठ, साखर व लिंबू असावें. घामाबरोबर मीठहि जातें, व नुसतें पाणी बेसुमार पिणेंहि घातक आहे. टोळीचा वेग सर्वांत मंद गड्यानें ठरवावा, व सर्वांत बळकट गडी सर्वांच्या मागें असावा. कोणाची सायकल डुलूं लागली, बोलणें असंबद्ध झालें, अथवा उन्हांतहि अंगावर शहारे येऊं लागले, तर तेथेंच थांबावें. त्यास सावलींत निजवून अंगावर पाणी ओतावें, जोरानें वारा घालावा, मान व काखा ह्यांस थंड पाण्याचे कपडे लावावे, व त्वरित वैद्यकीय मदत बोलवावी. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या मुखांत पाणी घालूं नये.

व्हाँतूविषयीं आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. १९८८ सालीं तेथें सायकलस्वारांचें एक मंडळ निघालें. त्याचें नांव ‘व्हाँतूचे वेडे’! सभासद होण्यास बेदवाँ, मालोसेन व सो ह्या तिन्ही गांवांकडून एकाच दिवसांत माथा गांठावा लागतो. एकंदर चढ सुमारें ४४०० मीटर होतो. प्रत्येक गांवीं व माथ्यावर एका पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा. तेथें पहिला नाहीं, दुसरा नाहीं, बक्षीस नाहीं. कोणता रस्ता आधीं, कोठें विसावा घ्यावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. चोवीस तासांची मर्यादा काय ती एकच. ज्यास आज जमलें नाहीं तो उतरून घरीं जातो व पुढच्या वर्षीं पुन्हां येतो. पर्वत कोठेंहि जात नाहीं.

हेंच शेवटचें वाक्य आमच्या विद्यार्थ्यांनीं सुट्टींत घाटाच्या पायथ्याशीं उभें राहून एकदां मनांत म्हणावें. माथा उद्यांहि तेथेंच असेल. आपल्याबरोबर निघालेला प्रत्येक गडी संध्याकाळीं आपल्याबरोबर घरीं परतला पाहिजे.