पोचल्यावर सांग

मुलगा शिरवळच्या कंपनीत कामाला असो की मुलगी पुण्यात कॉलेजला, दिवेलागणीला भोर-वेल्ह्याच्या घराघरांतून एकच मेसेज सुटतो: 'कुठवर आलास?' दोन मिनिटांत उत्तर येतं, 'चेलाडी फाटा सोडला, येतोच.' जिवाला बरं वाटतं. पण आईबाबांनो, ते उत्तर पाठवताना गाडी उभी होती का, हे आपण कधी विचारतो?

विचारलं तर पोरांकडं जबाब तयार असतो. "हात हँडलवरच होते आई, फोनला तोंडानं सांगितलं." हेल्मेटमध्ये ब्लूटूथ, चारचाकीत स्क्रीन, आणि २०१७ पासून गुगलला मराठी ऐकून लिहिताही येतं. हात मोकळे, नजर समोर, मग बिघडलं कुठं? आपल्यालाही ते पटून जातं.

अमेरिकेत टेक्सासच्या एका वाहतूक संस्थेनं २०१३ मध्ये ४३ चालकांना रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवायला लावून हे तपासलं. मेसेज बोटांनी लिहिला काय नि तोंडानं सांगितला काय, दोन्ही वेळा चालक सावध व्हायला जवळजवळ दुप्पट वेळ घेत होते. तरीही बोटांनी लिहिण्यापेक्षा तोंडानं सांगणं त्यांना जास्त सुरक्षित वाटत होतं. मला त्या दुपटीपेक्षा या वाटण्याचीच भीती वाटते. टाइप करणारा निदान मनातून धास्तावलेला असतो; बोलणारा निर्धास्त असतो.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. फोनला किंवा गाडीला सूचना देऊन झाली तरी मन लगेच रस्त्यावर परत येत नाही; काही वेळा २७ सेकंदांपर्यंत रेंगाळतं. ताशी ४० च्या वेगानं तेवढ्यात ३०० मीटर मागं पडतात. हे ३०० मीटर पाबे घाटात मोजून बघा. किंवा वरंध्यात, जिथं पावसाळ्यात दरडीमुळं रस्ताच बंद ठेवावा लागतो. वळणाआडून पिकअप येते, धुक्यात गुरं उभी असतात. मागं बसलेला मित्र असं काही दिसलं की बोलता बोलता आपोआप गप्प होतो. फोनला वळण दिसत नाही.

त्यातून आपल्या गावांची नावं! 'मार्गासनी' म्हणावं आणि पडद्यावर भलतंच उमटावं. मग ते बघायला मान खाली जाते, दुरुस्त करायला अंगठा जातो, आणि हात मोकळे असल्याचा सगळा डौल तिथंच संपतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात हातात फोन धरून गाडी चालवण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आला. पोरं त्याचा अर्थ 'हातात नाही ना, मग चालतं' असा लावतात. दंड चुकवायला तो अर्थ कदाचित उपयोगी पडेल, घाटात नाही. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणार असाल, तर त्याच कायद्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड आहे, हेही कानावर असू द्या.

पण पोरांना किती बोलायचं? मेसेजचं एक टोक आपल्याच हातात आहे. पोरगं वाटेत आहे हे ठाऊक असूनच आपण विचारतो, आणि उत्तर उशिरा आलं की "फोन कशाला घेतलाय मग?" म्हणून खडसावतोही. तेव्हा घरात ठरवून टाका: निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक. मधे काही कळवायचंच झालं तर कापूरहोळला किंवा नसरापूरला गाडी कडेला लावून. घाटात रेंज जाते हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. फोन लागला नाही म्हणून एकामागून एक दहा कॉल करू नका. रेंज आली की त्या मिस्ड कॉलचे मेसेज एकदम त्याच्या कानात वाजू लागतात, आणि तेव्हा तो गाडीवर असतो. फोनमध्ये गाडी चालवताना मेसेज अडवून ठेवायची सोय असते. ती सुरू करून द्यायला त्यालाच सांगा, त्याच्या आणि तुमच्याही फोनवर.

हो, तुमच्याही. तांदूळ घेऊन पुण्याला निघालेल्या टेम्पोत शेजारी बसलेलं पोर सगळं बघत असतं. व्यापाऱ्याचा मेसेज आला की फोन त्याच्याकडं द्या. वाचेल तो, उत्तरही तोच लिहील, आणि तुमच्यापेक्षा कमी चुका करील.