शिर सलामत तो पगडी पचास

(दुचाकी आता गावोगावी पोचली आहे. तिच्याबरोबर अपघातही आले आहेत. हेल्मेट कसे काम करते, ते कसे निवडावे आणि धोक्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे एका शिक्षकाने स्वतःच्या अनुभवावरून या पाठात सांगितले आहे.)

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील शेजारशेजारचे तालुके. शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर आहे, तर मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी शहापूरला राहतो आणि रोज मोटारसायकलने मुरबाड तालुक्यातील एका शाळेत शिकवायला जातो. पावसाळ्यात या वाटेवरची भाताची हिरवी खाचरे पाहून डोळे निवतात. पण त्याच दिवसांत रस्त्यावर खड्डे पडतात, शेतातला चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो आणि गुरे अचानक आडवी येतात.

माझ्याजवळ हेल्मेट होते. पण खरे सांगायचे तर ते माझ्या डोक्यावर कमी आणि डाव्या हाताच्या कोपरात जास्त असायचे. पुढे पोलीस उभे असतील अशी शंका आली, की मी गाडी थांबवून ते डोक्यावर चढवत असे. पोलीस मागे पडले, की हेल्मेट पुन्हा कोपरात!

एके दिवशी शाळेच्या फाटकात नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, हेल्मेट कोपरासाठी असते का?”

सगळी मुले हसली. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो. दुसऱ्या दिवसापासून मी हेल्मेट डोक्यावर घालू लागलो. कारण पोलीस नव्हते, कायदा नव्हता. त्या मुलीचा प्रश्न होता.

पंधरा दिवसांनी जुलैच्या पावसात एक म्हैस रस्त्यात आली. मी गाडीचा वेग अगदी कमी केला. गाडी जवळजवळ थांबलीच होती. तेवढ्यात चिखलावरून चाक घसरले आणि मी आडवा पडलो. डोके रस्त्याच्या कडेवर आपटले. हेल्मेटला तडा गेला. खांदा सुजला, गुडघा खरचटला. पण डोक्याला जखम झाली नाही.

वर्गात ही हकिकत सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, गाडी तर थांबली होती. मग डोके इतक्या जोराने का आपटले?”

मुलांनो, याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आपले डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर झालेला असतो. म्हणजे गाडी उभी असली तरी पडणारे डोके त्या वेगाने दगडावर आपटू शकते. “जवळच जायचे आहे, हळू जातो,” असे म्हणणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा.

हेल्मेट या आघातात काय करते? आंब्याच्या पेटीत पेंढा का घालतात, ते आठवा. पेटीला धक्का बसला की पेंढा दबतो आणि आंबा वाचतो. हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच आघात मोठ्या भागावर पसरवते. आतला थर्मोकोलसारखा जाड थर दबून चिरडतो. त्यामुळे डोके एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. एकदा दबलेला हा थर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून मोठा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. मीही माझे बदलले.

हे ज्ञान जगाला सहज मिळालेले नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स तुम्ही कदाचित ऐकला असेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात अरबांनी केलेल्या उठावात या इंग्रज अधिकाऱ्याने भाग घेतला होता. युद्धातून तो वाचला. पण १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील एका रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना तो मोटारसायकलवरून पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रक्रियातज्ज्ञ होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांना हेल्मेट सक्तीचे केले.

माझा धाकटा भाऊ अठरा वर्षांचा झाला. त्याने लायसन्स काढले. आम्ही हेल्मेट घ्यायला निघालो. महामार्गाच्या कडेला एका विक्रेत्याने रंगीबेरंगी हेल्मेटे मांडली होती. भावाने त्यातले एक उचलले.

“भाईजान, हे बघा, केवढे चमकते! आणि किती स्वस्त! पोलीस काही आत डोकावून बघत नाहीत.”

मी त्या हेल्मेटच्या आत अंगठा दाबला. कापडाखाली पातळ स्पंज होता आणि त्याच्यामागे लगेच प्लॅस्टिक. आघात शोषणारा थरच नव्हता.

मी म्हणालो, “मोबाइलला तडा जाऊ नये म्हणून तू त्याला आवरण घालतोस, काचेवर दुसरी काच बसवतोस. मग डोक्याला नुसते प्लॅस्टिक का? हेल्मेट पोलिसाला दाखवायचे आहे, की रस्त्याला?”

भाऊ काही बोलला नाही. आम्ही दुकानात गेलो. तेथे आधी आयएसआयची खूण पाहिली. खुणेच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीसाठी अशी प्रमाणित हेल्मेटेच विकता येतात. मग भुवयांच्या थोडे वर टेप धरून डोक्याचा घेर मोजला. त्या मापाचे हेल्मेट घातल्यावर ते घट्ट बसले, पण दुखले नाही. पट्टा लावून मागून वर ढकलून पाहिले. ते निघाले नाही. हनुवटी झाकणारे हेल्मेट निवडले, कारण पडताना चेहराही रस्त्यावर आपटतो. पुढची काच स्वच्छ घेतली. काळी काच रात्री घातक ठरते. रंग सर्वांत शेवटी निवडला, तोही दुरून दिसणारा पिवळा!

हेल्मेट न घालण्याची कारणे पुष्कळ असतात. “उकडते,” हे कारण खरे आहे. हवेची छिद्रे असलेले हेल्मेट घ्यावे, आत पातळ सुती कापड वापरावे आणि ते रोज धुवावे. जाड टोपीवर मात्र हेल्मेट नीट बसत नाही. पाठीमागे बसणाऱ्या स्त्रियांनी आणि मुलींनी ओढणीची टोके आवरून बांधावीत, म्हणजे ती चाकात अडकणार नाहीत.

काही जण म्हणतात, “नशिबात असेल ते होईल.” पण असे म्हणणारे लोकही रात्री दाराला कडी लावतातच! आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. खबरदारी घेणे म्हणजे भरवसा नसणे नव्हे.

काहींना सक्तीच नको असते. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा तिला उघड विरोध झाला. आधी रस्ते सुधारा, असे अनेकांचे म्हणणे असते. चांगले रस्ते मागणे योग्यच आहे. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत डोके उघडे ठेवण्यात कोणता शहाणपणा?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. अनेक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी २००८ मध्ये असा निष्कर्ष काढला, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. धोका कमी होतो, पण संपत नाही. म्हणून हेल्मेट म्हणजे सुसाट जाण्याचा परवाना नव्हे. भरधाव जाऊन ट्रकवर आदळणाऱ्याला ते वाचवू शकेलच असे नाही.

मुलांनो, तुम्ही अजून गाडी चालवू शकत नाही. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला शिक्षा होऊ शकते. पण तुम्ही मागे बसता आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आवश्यक आहे. शिवाय तुम्ही प्रश्न विचारू शकता. अब्बा, मामू किंवा भाईजान हेल्मेट खुंटीला ठेवून निघाले, तर अदबीने विचारा, “हे भिंतीसाठी आणले आहे का?” एका मुलीच्या अशाच प्रश्नामुळे आज मी हा पाठ लिहू शकलो आहे.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
ओशाळणे – शरमिंदा होणे
आघात – जोराचा मार
कवच – रक्षण करणारे आवरण
मानक – ठरवून दिलेला दर्जा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक सुरुवातीला हेल्मेट कोठे ठेवत असे?
(आ) ह्यू केर्न्स यांनी कशाचा अभ्यास केला?
२. कारणे लिहा.
(अ) मोठा मार बसलेले हेल्मेट बदलावे.
(आ) लेखकाने रस्त्याच्या कडेचे हेल्मेट नाकारले.
३. पाठाला दिलेल्या म्हणीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. रस्ता, नशीब यांसारखे उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : घरातील हेल्मेट तपासा. खूण, आतला थर आणि पट्टा यांविषयी पाच वाक्ये लिहा.