रेफरी चुकला म्हणजे नेमकं काय झालं?

फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की आपल्या कॉलेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रेफरीनं मॅच घालवली.’ हरलेला म्हणतोच, पण जिंकलेलाही कधीकधी म्हणतो. प्रस्तुत लेखात मला या वाक्याचा अभ्यास करायचा आहे. रेफरी चांगला की वाईट हे ठरवण्याआधी ‘चूक’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, हे पाहायला हवं.

हा प्रश्न मला पडला तो स्वतःच्या अनुभवातून. दुसऱ्या वर्षाला असताना वर्गावर्गांच्या मॅचमध्ये माणूस कमी पडला म्हणून लाइन्समनचा झेंडा माझ्या हातात आला. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्याच वर्गाचा एक गोल मी ऑफसाइड दिला. नंतर कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. गोल बरोबर होता! ज्यानं तो मारला होता, तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. ‘तू मुद्दाम केलंस’ असं तो म्हणाला नाही, पण त्याला तसंच वाटत होतं.

१. डोळ्याची चूक

ऑफसाइड बघायचा म्हणजे पास देणाऱ्याच्या पायाला चेंडू लागतो तो क्षण पकडायचा, आणि त्याच क्षणी वीस-तीस मीटर लांब पळणारा खेळाडू बचावपटूच्या पुढे आहे की मागे, हेही पाहायचं. डोळे दोन असले तरी नजर एकच असते. म्हणजे ही चूक बऱ्याचदा माणसाच्या शरीराची मर्यादा असते.

विश्वचषकाच्या इतिहासात या प्रकारची उदाहरणं भरपूर आहेत. ३० जुलै १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका क्रॉसबारला लागून खाली आपटला. स्विस रेफरी गॉटफ्रीड डीन्स्ट यांना दिसलं नाही; त्यांनी लाइन्समन तोफिक बहरामोव यांना विचारलं आणि गोल दिला. चेंडू पूर्ण रेषेपार गेला होता का, हा वाद आजही चालू आहे. बहरामोव यांच्या बाकू शहरातल्या स्टेडियमला मात्र त्यांचं नाव आहे. २२ जून १९८६ ला मेक्सिको सिटीत मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला. ट्युनिशियाचे रेफरी अली बेनासूर यांना हात दिसला नाही.

२७ जून २०१० हा दिवस तर अभ्यासासाठी फारच महत्त्वाचा. दुपारी ब्लूमफॉन्टेनला जर्मनी २-१ नं पुढे असताना इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका बारला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला, पण गोल दिला गेला नाही, आणि जर्मनी ४-१ नं जिंकली. त्याच संध्याकाळी जोहान्सबर्गला अर्जेंटिनाच्या तेवेझनं मेक्सिकोविरुद्ध उघड ऑफसाइड असताना गोल केला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला आणि मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवू लागले. पण पडदा पाहून निर्णय बदलायची नियमात सोयच नव्हती. सत्य समोर दिसतंय आणि न्याय देणाऱ्याला ते वापरता येत नाही, अशी ती अवस्था होती. फिफाच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांची माफी मागितली. जुलै २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली, आणि २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात चेंडू रेषेपार गेला की रेफरीच्या घड्याळावर खूण येऊ लागली.

२०२२ ला कतारमध्ये ऑफसाइडही यंत्राकडे गेला. छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. जपान विरुद्ध स्पेन सामन्यात मितोमानं मागे ओढलेला चेंडू बाहेर गेलाय असं टीव्ही पाहणाऱ्या बहुतेकांना वाटलं. वरून घेतलेल्या चित्रात दिसलं की चेंडूची कड रेषेवर अजून शिल्लक होती. गोल कायम राहिला आणि जपान २-१ नं जिंकला. इथे चूक आपल्या डोळ्यांची होती, निर्णयाची नव्हे.

२. हिशेबाची चूक

२२ जून २००६, श्टुटगार्ट, क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इंग्लंडचे नामवंत रेफरी ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला दोन पिवळी कार्डं दाखवूनही बाहेर काढलं नाही. तिसऱ्या कार्डानंतर लाल दाखवलं. शिमुनिचचा नंबर ३ होता, आणि त्याचं एक कार्ड त्यांच्या वहीत ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरच्या नावावर लिहिलं गेलं होतं.

यात अवघड असं काही नव्हतं. डोळ्यांची मर्यादा नाही की अर्थाचा वाद नाही, सरळ सरळ निष्काळजीपणा. मोठ्या स्पर्धेत अशा चुकीला माफी नाही. पोल स्वतःही नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाजूला झाले. ‘रेफरीचा दर्जा खालावला’ असं म्हणायचं असेल, तर ते या रकान्यात शोभतं.

३. अर्थाची चूक?

आता खरा अवघड भाग. २०१८ ला विश्वचषकात व्हीएआर पहिल्यांदा आलं. १५ जुलैच्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ अशा बरोबरीत असताना चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. रेफरी नेस्टर पिताना मैदानाकडेच्या पडद्याकडे गेले, पाहिलं, वळले, परत जाऊन पुन्हा पाहिलं, आणि पेनल्टी दिली. फ्रान्स २-१ नं पुढे गेला आणि शेवटी ४-२ नं जिंकला.

चेंडू हाताला लागला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न होता तो ‘जाणूनबुजून’ या शब्दाचा. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो की कृती तीच असली तरी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती असल्याशिवाय गंभीर पाप होत नाही. तिथे आत काय चाललंय ते माणूस स्वतः सांगतो. रेफरीला मात्र ते हाताच्या हालचालीवरून, चेंडू किती अंतरावरून आला त्यावरून ताडावं लागतं. त्यात स्लो मोशनचा घोळ असा की त्यात सगळंच सावकाश होतं, त्यामुळे खेळाडूला हात काढायला भरपूर वेळ होता असं वाटू लागतं.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल. कवितेत कोणता शब्द आहे हे हस्तलिखित पाहून ठरवता येतं. त्या शब्दाचा अर्थ काय, ते हस्तलिखित सांगत नाही. यंत्र रेफरीला संहिता देतं, वाचन त्यालाच करावं लागतं. हँडबॉलचा नियम २०१९ मध्ये नव्यानं लिहिला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा बदलला, तरी वाद संपले नाहीत. शब्द बदलून वाचनाची गरज संपत नाही.

४. चूक आणि आरोप

चौथा रकाना पक्षपाताचा, आणि तो आपण सर्वांत आधी उघडतो. २००२ च्या विश्वचषकात यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध इटली गोल्डन गोलवर हरली. इक्वेडोरचे रेफरी बायरन मोरेनो यांनी तोत्तीला पडण्याचं नाटक केल्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड देऊन बाहेर काढलं होतं. इटलीत कटाचा आरडाओरडा झाला. पुढे २०१० मध्ये मोरेनो न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमली पदार्थांसह पकडले गेले, तेव्हा ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं अनेकांना वाटलं. पण आठ वर्षांनंतरचा गुन्हा हा त्या दिवशीच्या कार्डाचा पुरावा होत नाही. चुकीच्या निर्णयावरून हेतू सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो.

मग दर्जा कशावरून ठरवायचा?

माझ्या मते प्रत्येक रकान्याला वेगळी फूटपट्टी हवी. डोळ्याच्या चुकीवर यंत्र हा उपाय आहे, आणि तो बराचसा लागू पडलाय. हिशेबाच्या चुकीला तयारी आणि शिस्त. अर्थाच्या बाबतीत मात्र ‘अचूक निर्णय’ ही मागणीच अपुरी आहे. तिथे दोन गोष्टी मागाव्यात: कालच्या सामन्यात जो अर्थ लावला तोच आज लावा, आणि का लावला ते सांगा. २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हीएआर पाहून बदललेला निर्णय रेफरी माइकवरून स्टेडियमला सांगू लागल्या. उद्घाटनाच्या न्यूझीलंड–नॉर्वे सामन्यात जपानच्या योशिमी यामाशिता यांनी पेनल्टी दिली ती अशी सगळ्यांना ऐकवून. निर्णय पटो न पटो, कारण ऐकलं की संशयाला जागा कमी उरते.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला शेवटी मी हेच सांगितलं: मी कुठे उभी होते, काय दिसलं, काय दिसलं नाही. गोल काही परत मिळाला नाही. ‘एवढं त्याच दिवशी सांगायचं होतंस,’ म्हणाला, आणि चहा सांगितला.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत चर्चेसाठी दोन प्रश्न:

१. समीक्षकानं कवितेचा अर्थ ‘चुकीचा’ लावला असं कधी म्हणता येईल, आणि त्याला पुरावा कोणता?

२. पेरिसिचच्या हँडबॉलचा प्रसंग पूर्ण वेगात एकदा आणि सावकाश एकदा पाहा. तुमचा निर्णय बदलला का? बदलला असेल तर कोणता बरोबर, आणि का?