हात पुरला पाहिजे! (किचनच्या वरच्या कपाटांचं इंजिनिअरिंग)

मित्रहो, शीर्षक वाचून पान उलटू नका. किचन हा विषय फक्त मुलींचा नाही आणि फक्त इंटिरिअर डिझायनरचाही नाही. त्यात फर्स्ट इयरचं ॲप्लाइड मेकॅनिक्स आहे, मटेरिअल सायन्स आहे आणि प्रॉडक्शनवाल्यांचा वर्क स्टडीसुद्धा आहे. आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी ओटा फोडायची वेळ येते, आणि तेव्हा “तू इंजिनिअर ना? मग सांग!” असं म्हणून सगळे आपल्याकडेच बघतात. (आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. एकोणऐंशी म्हणजे किती हे अजून आजीलाच विचारावं लागतं. म्हणून या लेखात सगळे आकडे अंकांतच दिले आहेत!)

आमचं घर नाशिकला, जुन्या बिल्डिंगमध्ये. गेल्या वर्षी किचन नव्याने करायचं ठरलं. खालच्या ट्रॉल्यांवर पाच मिनिटांत एकमत झालं. भांडण पेटलं ते वरच्या कपाटांवरून. शटर कोणतं, उंची किती, काच की सनमायका, यावर पंधरा दिवस चर्चा चालली. त्यातून जे शिकले आणि जे स्वतः मोजून पाहिलं, ते इथे लिहिते.

१) आधी माणूस मोजा, मग भिंत

डिझायनरने दिलेलं ड्रॉइंग दिसायला एकदम झकास होतं. ओटा ९० सेंमी, त्यावर ६० सेंमी मोकळी जागा आणि वर ६० सेंमी उंचीची कपाटं. सगळी शटर्स वर उघडणारी, म्हणजे लिफ्ट-अप. “मॅडम, आजकाल हेच चालतं,” असं तो आईला म्हणाला.

आता या ड्रॉइंगमध्ये माझ्या आजीला उभं करा. आजी ७६ वर्षांची, उंची १४७ सेंमी. पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करते, कुणाला उठवत नाही. मी तिला ओट्याला टेकून उभं केलं, टाचा न उचलता हात वर करायला सांगितला आणि जिथे तिला डबा नीट धरता येतो तिथे पेन्सिलीने खूण केली. ती १६५ सेंमीवर आली. ओट्याशिवाय, भिंतीला चिकटून उभं राहिलं तर हात याहून वर जातो, पण ओटा मध्ये आला की पुढे झुकावं लागतं आणि उंची कमी होते. म्हणून माप ओट्यापाशीच घ्यायचं.

डिझायनरच्या कपाटाचा तळ होता १५० सेंमीवर. मधला कप्पा १८० वर. म्हणजे आजीसाठी फक्त खालचा कप्पा उरला. आणि खरी गंमत पुढे आहे. लिफ्ट-अप शटर उघडलं की त्याची खालची कड, जिथे हँडल असतं, ती वर जाऊन जवळपास २१० सेंमीवर थांबते. म्हणजे आजी शटर उघडू शकते, पण बंद करू शकत नाही! मग दोनच पर्याय. पहाटे कुणाला तरी उठवायचं, नाहीतर स्टुलावर चढायचं. या वयात स्टुलावरून पडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांना विचारा.

आजी ड्रॉइंग बघून एवढंच म्हणाली, “छान आहे गं. मला आता चहा कोण देणार ते तेवढं ठरवा.” वरच्या कपाटाची स्टाइल निवडणं म्हणजे घरात कुणी स्वावलंबी राहायचं ते ठरवणं, हे मला तेव्हा कळलं.

२) थोडा इतिहास

ही मोजमापं करायची कल्पना माझी नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी एक किचन डिझाइन केलं. जागा जेमतेम १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर. स्वयंपाकात पावलं किती पडतात, हात कुठे जातो, याचा घड्याळ लावून केलेला अभ्यास त्यामागे होता. आपल्या प्रॉडक्शनच्या पुस्तकातला टाइम अँड मोशन स्टडी, तोच. भांड्यांच्या वरच्या कपाटाला सरकत्या काचा आणि तांदूळ-साखरेसाठी हाताशी येणारे ॲल्युमिनियमचे छोटे ड्रॉवर. अशी सुमारे १०,००० किचन्स बसली. आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजी म्हणायला हरकत नाही. आणि या बाईंनी नंतर स्वतःच सांगितलं की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता! तेव्हा मुलांनो, “आम्हाला चहासुद्धा येत नाही” ही सबब चालणार नाही.

३) शटरचे प्रकार

अ) बाजूला उघडणारं (बिजागरीचं) : सगळ्यांत साधं, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. हँडल नेहमी त्याच उंचीवर राहतं, म्हणजे बुटक्या माणसालाही बंद करता येतं. तोटा एकच. उघडं राहिलं की कोपरा बरोब्बर कपाळापाशी येतो. म्हणून एका शटरची रुंदी ४५ सेंमीपेक्षा जास्त ठेवू नये.

आ) लिफ्ट-अप : उघडल्यावर डोकं आपटत नाही, पूर्ण कपाट दिसतं. उंच माणसांच्या घरात मस्त. पण वर सांगितलेली हँडलची अडचण आहे, आणि गॅसचे दांडे वर्षांनुवर्षं वापरून सैल पडले की शटर आपोआप खाली यायला लागतं. मधोमध दुमडणारं लिफ्ट-अप मिळतं, त्यात हँडल तितकं वर जात नाही, पण खर्च वाढतो.

इ) सरकतं : अरुंद किचनला उत्तम, कारण शटर बाहेर येतच नाही. पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि खालच्या रुळात पीठ आणि तेलाचा जो चिकटा बसतो तो टूथब्रशने काढावा लागतो.

ई) काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीत : आत काय आहे ते दिसतं, शोधाशोध वाचते. काच टफन्डच घ्यावी. फुटली तरी तिचे धारदार तुकडे होत नाहीत, बारीक दाणे होतात. मात्र आतली अव्यवस्थाही पाहुण्यांना दिसते. (हॉस्टेलच्या कपाटांना काच नसते याबद्दल रेक्टर सरांचे आभार.)

उ) उघड्या फळ्या आणि मांडणी : परदेशी मासिकांत उघड्या फळ्या फार गोड दिसतात. पण त्यांच्याकडे रोज मोहरी-हिंगाची फोडणी नसते. आपल्याकडे गॅसजवळच्या उघड्या फळीवर महिन्याभरात तेलाचा थर बसतो. रोज धुतल्या जाणाऱ्या भांड्यांना मात्र उघडी जागाच हवी. आपली जुनी स्टीलची मांडणी हे त्याचं उत्तर आहे. ताटं उभी राहतात, पाणी निथळतं, हवा लागते. ओली ताटं बंद कपाटात कोंबली की प्लायवूडचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा.

स्टाइल कोणतीही घ्या, बरोब्बर शेगडीच्या वर कपाट नको. तिथे चिमणी येते, आणि ती शेगडीपासून किती उंच हवी ते तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं (साधारण ६५ ते ७५ सेंमी). एक्झॉस्टची खिडकीही कपाटामागे लपवू नका.

४) भिंत काय म्हणते?

आता आपला प्रांत. ९० सेंमी रुंद, ६० उंच, ३० खोल असं १८ मिमी प्लायचं कपाट घ्या. आकारमान काढून घनतेने गुणलं तर त्याचं स्वतःचं वजन साधारण २५ किलो येतं. आत डाळी, पीठ, डबे धरून ४० किलो. एकूण ६५ किलो, म्हणजे सुमारे ६४० न्यूटन. हे वजन भिंतीपासून १५ सेंमीवर आहे असं धरलं तर मोमेंट ९६ न्यूटन-मीटर. कपाट खालच्या कडेभोवती फिरू पाहतं आणि वरचे स्क्रू त्याला धरून ठेवतात. स्क्रू खालच्या कडेपासून ५० सेंमीवर असतील तर त्यांच्यावरची ओढ ९६ भागिले ०.५, म्हणजे सुमारे १९० न्यूटन. खाली ओढणारे ६४० न्यूटन वेगळे.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तेच स्क्रू निम्म्या उंचीवर मारले तर ओढ दुप्पट होते. म्हणून स्क्रू वरच्या कडेजवळच हवेत. दोन, “जास्त सामान मावेल” म्हणून कपाट दुप्पट खोल केलं तर वजन जवळपास दुप्पट आणि अंतरही दुप्पट, म्हणजे मोमेंट चौपट! मागच्या ३० सेंमीत हात तर पोचत नाहीच.

स्क्रूच्या लांबीचं गणित तर पाचवीचं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी भरलेलं कपाट रात्री खाली आलं. सुदैवाने ओट्याशी कुणी नव्हतं. मी जाऊन स्क्रू पाहिले, ५० मिमीचे. कपाटाची पट्टी १८ मिमी, टाइल आणि प्लॅस्टर मिळून २५ मिमी. उरले ७ मिमी. एवढ्यावर ते कपाट विटेला धरून होतं! १०० मिमीचा स्क्रू असता तर ५७ मिमी विटेत गेला असता. म्हणून सुताराला प्रेमाने विचारा, “काका, स्क्रू किती लांबीचा मारताय?” भिंत सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकची किंवा पोकळ ब्लॉकची असेल तर साधा प्लग चालत नाही, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच जातो.

५) लाकूड

पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की कडा पावासारख्या फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात. सिंकच्या वरचं कपाट तरी आयएस ७१० मार्कच्या मरीन प्लायचं करा. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आपल्या मेसमधली आमटीसुद्धा इतकी उकळत नाही!

६) शेवटी काय ठरलं

आम्ही ओटा ८२ सेंमी ठेवला. वर ५० सेंमी मोकळी जागा (मिक्सर भांडं लावून मोजला, तो आरामात बसतो). कपाटाचा तळ आला १३२ वर. मधली फळी सरकवता येणारी घेतली. अशा कपाटांत दर ३२ मिमीवर भोकं असतात, त्यामुळे फळी १५५ सेंमीवर आणता आली. म्हणजे आजीला एकाऐवजी दोन कप्पे मिळाले. तिच्या बाजूला बिजागरीची शटर्स, सिंकवर मांडणी, आणि कोपऱ्यात बाबांच्या हट्टाखातर एक लिफ्ट-अप. त्यात दिवाळीचे साचे आणि मोठी पातेली ठेवली. लिफ्ट-अप दोनच्या खाली आल्यामुळे पैसे वाचले, ते मरीन प्लायमध्ये घातले.

तर मित्रहो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एक छोटं प्रॅक्टिकल करा. घरात सर्वांत बुटकं आणि सर्वांत म्हातारं जे कुणी स्वयंपाकघर वापरतं, त्यांना ओट्यापाशी उभं करा आणि टाचा न उचलता हात कुठवर पोचतो ती खूण करा. मग रोजचा चहा, साखर, औषधं त्या खुणेच्या वर आहेत की खाली ते बघा. वर असतील तर नव्या किचनची वाट बघू नका, त्याच दिवशी खाली आणा. याला टेप आणि पेन्सिल पुरते, आणि व्हायवासुद्धा नसतो.