आपल्या वस्तीचे सुख-दुःख आपणच मोजू या



आपल्या दारात सर्व्हे नवा नाही. शौचालय आहे का, गॅस आहे का, घर पक्के आहे का, लेकरांना लसी दिल्या का, एवढे विचारून माणसे निघून जातात. हे प्रश्न गरजेचेच आहेत. पण तेवढ्याने घरातले माणूस बरे आहे की नाही, हे कळत नाही. गॅस आहे, पण टाकी भरायला पैसे नाहीत. घर पक्के आहे, पण म्हाताऱ्या आईशी दिवसभर कोणी बोलत नाही. कागदावर मात्र ‘सर्व सोयी आहेत’ अशीच नोंद होते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नांदेड जिल्ह्याचा आकडा मिळतो, आपल्या वस्तीचा मिळत नाही. म्हणून या वेळचा पाठ मोजमापाचा आहे.

तथागतांचे प्रश्न

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तथागतांनी आधी आजार कोणता ते विचारले. मग विचारले, तुझी सेवा करणारा कोणी आहे का? कोणी नव्हते. तथागतांनी स्वतः आनंदासह त्याला धुतले, उचलून मंचावर निजवले आणि भिक्खूसंघाला एकमेकांच्या सेवेचा धडा दिला.

पहिला प्रश्न शरीराचा होता, दुसरा माणसांच्या नात्याचा. सरकारी फॉर्ममध्ये पहिला असतो. दुसरा आपणच विचारायचा आहे.

दूरच्या बांधवांनी काय केले?

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचा अनुभव आपल्यासारखाच आहे. त्यांच्यावर अहवाल पुष्कळ निघाले, पण प्रश्न परक्यांचे आणि यादी उणिवांची. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूम या गावच्या यावुरू समाजाने मग आपल्याच लोकांना विचारले, चांगले जगणे म्हणजे काय? त्यांच्या भाषेत ‘लियान’ असा शब्द आहे. स्वतःशी, कुटुंबाशी, समाजाशी आणि भूमीशी नाते नीट असेल तर लियान चांगले. त्यावरून त्यांनी आपली प्रश्नावली बनवली. पुढे २०१८ साली ‘मायी कुवायू’ ही देशभराची पाहणी सुरू झाली. तिचे नेतृत्वही मूळ रहिवासी संशोधकांकडेच आहे. भाषा, नातीगोती, भूमी आणि वाट्याला येणारा भेदभाव यांचा आरोग्याशी काय संबंध, हे ती तपासते. माहितीवर हक्क समाजाचा, हा तिचा पाया आहे.

आपल्याकडचा वारसा

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. आपले दुःख पुराव्यानिशी मांडायचे, ही त्यांची शिकवण आहे.

अलीकडचे उदाहरणही आहे. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा आणि लाल रंग देऊन प्रगतिपत्रक बनवले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवले. तिथे दवाखाना मोजला गेला. आपण त्याच रंगांनी वस्तीतले जगणे मोजू.

पाहणी कशी करावी?

वर्षावासात आपण विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचतो. हेच तीन महिने पाहणीला द्यावेत.

पहिल्या महिन्यात प्रश्न ठरवावेत. बाया, तरुण आणि म्हातारी माणसे वेगवेगळी बसावीत, म्हणजे सगळे मोकळे बोलतील. सुरुवातीला हे सहा प्रश्न घ्या:

१. करुणा: मध्यरात्री दुखणे आले तर हाक मारायला कोण आहे?
२. समता: दवाखान्यात, शाळेत, कामावर जात किंवा वस्ती कळल्यावर वागणूक बदलते का?
३. स्वातंत्र्य: घरातल्या बाईला स्वतःच्या दुखण्यासाठी पैसे खर्च करता येतात का?
४. शील: संध्याकाळी दारूमुळे घरात भीती असते का?
५. प्रज्ञा: लेकरांना अभ्यासाला जागा, उजेड आणि शांतता मिळते का?
६. श्रम: कामामुळे शरीराला काय होते? धर्माबादच्या मिरची बाजारात राबणाऱ्यांना हातांची आग, खोकला, डोळ्यांची जळजळ यांबद्दल जरूर विचारा.

दुसऱ्या महिन्यात घरोघरी जावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे ज्वारीचे दहा दाणे ठेवा. प्रश्न समजावून सांगा आणि विचारा, दहापैकी किती दाणे सुखाचे? सात ते दहा हिरवा, चार ते सहा पिवळा, तीन किंवा कमी लाल.

तिसऱ्या महिन्यात बेरीज करून १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, ती विहारात वाचून दाखवावी.

हे विसरू नका

विचारण्याआधी परवानगी घ्या. ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा गळ घालू नका. वहीत नाव किंवा घर क्रमांक लिहू नका. दारूचा आणि मारहाणीचा प्रश्न बाईला एकटीला, बाईनेच विचारावा. एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी गेले तर पुढच्या वर्षी कोणी दार उघडणार नाही. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर वही बाजूला ठेवा, त्याला एकटे सोडू नका आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे.

पुढे काय?

लाल रंगांचे दोन ढीग करा. जे आपल्या हातात आहे ते आजच सुरू करावे: एकट्या म्हाताऱ्यांकडे रोजची फेरी, विहारात संध्याकाळची अभ्यासिका, रात्री मदतीला येणाऱ्यांची नावे फळ्यावर. जे सरकारच्या हातात आहे ते लेखी मांडावे. आशाताईंना सोबत घ्या. शहरात नगरपरिषदेकडे, गावात ग्रामसभेत, रुग्णालयाबाबत रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

पुढच्या वर्षावासात हेच प्रश्न पुन्हा विचारा. लालचा पिवळा किती ठिकाणी झाला, ते आपल्याच वहीत दिसेल. आणि त्या भिक्खूसारखे कोणी आपल्या वस्तीत एकटे पडून आहे का, हे कळायला आपल्याला बाहेरच्या सर्व्हेची वाट पाहावी लागणार नाही.

नमो बुद्धाय, जयभीम.